बायपासवर कॉम्प्लेक्स होतंय, मग मेन लाइनचं काय?

नागपूर-तुळजापूर रस्ता चौपदरी झाला, अमरावती-अकोला झाला, आणि ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. विदर्भातल्या कितीतरी तालुक्याच्या गावांना आता बायपास आहे. त्या बायपासच्या टी-पॉइंटवर कालपर्यंत पऱ्हाटी उभी होती. आज तिथे लेआउटचे दगड रोवलेले दिसतात आणि शेजारी मोठा फलक: भव्य शॉपिंग कॉम्प्लेक्स, गाळ्यांचे बुकिंग सुरू.

मग गावात प्रश्न फिरू लागतात. मेन लाइनवरचा, म्हणजे गावातल्या जुन्या बाजाररस्त्यावरचा, कापड दुकानदार विचारतो, गिऱ्हाईक तिकडे गेलं तर आम्ही काय करायचं? रस्त्याला लागून शेत असलेला विचारतो, आत्ता विकू की थांबू? नुकतेच रिटायर झालेले गुरुजी विचारतात, फंडाच्या पैशात एक गाळा घेऊन ठेवू का, भाडं येत राहील?

या तिघांनाही एकच गोष्ट आधी समजून घ्यावी लागेल. शॉपिंग सेंटरमध्ये साडी-साबण विकणारे वेगळे असतात आणि सेंटर उभं करणारा वेगळा. उभं करणारा कमावतो ते जमिनीवर आणि गर्दीवर. हे गणित कुठे जन्मलं, कसं वाढलं आणि कुठे फसलं, ते पाहिलं की आपल्या टी-पॉइंटवर काय होऊ शकतं याचा अंदाज येतो.

बाजार नेहमी रस्त्याच्या मागे जातो

आपल्याला हे नवीन नाही. १८६०च्या दशकात वऱ्हाडातून रेल्वे गेली आणि कापसाचा व्यापार स्टेशनांकडे सरकला. बडनेरा, धामणगाव, अकोला ही नावं त्या काळात व्यापाऱ्यांच्या तोंडी बसली. खामगावच्या कापसासाठी तर १८७० साली जलंबपासून खास फाटा टाकला गेला. स्टेशनाजवळ जिनिंग-प्रेसिंग आलं, त्यामागून अडते, मग धर्मशाळा, मग कापडाची दुकानं.

आणखी एक गोष्ट आपल्या वऱ्हाडचीच आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. सरकारी नियमाखाली चालणारा देशातला पहिला शेतमाल बाजार १८८६ साली कारंजा लाडला सुरू झाला. त्यानंतर १८९७मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. माप कोणतं, दलाली किती, बाजार चालवणार कोण, हे लेखी ठरवण्याची सुरुवात या मातीत झाली. आज त्याच कारंज्याजवळून समृद्धी जातो. बाजार सरकतो, हे खरं. पण सरकणाऱ्या बाजाराला नियम लावता येतात, हेही इथेच सिद्ध झालं आहे.

मॉलची कल्पना आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मध्यमवर्ग मोठ्या संख्येने शहर सोडून बाहेरच्या नव्या वस्त्यांत राहायला गेला. घराघरात मोटार आली. पण या वस्त्यांत घरंच होती. चौक नव्हता, बाजार नव्हता, लोकांनी एकमेकांना भेटावं अशी जागा नव्हती. मोटारवाल्या गिऱ्हाइकासाठी बांधलेलं दुकानांचं संकुल तिथे अगदीच नवं नव्हतं. कॅन्सस सिटीत जे. सी. निकोल्स यांनी १९२३मध्येच कंट्री क्लब प्लाझा उघडला होता. पण आज आपण ज्याला मॉल म्हणतो त्याचा साचा दिला व्हिक्टर ग्रुएन यांनी.

ग्रुएन मूळचे व्हिएन्नाचे, ज्यू, धंद्याने वास्तुविशारद. १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर ते जीव वाचवून अमेरिकेत आले. व्हिएन्नातले चौक, पायी फिरणारी माणसं, चहा-कॉफीच्या गप्पा हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. मोटारीत बसून एकेकटी फिरणारी अमेरिकन वस्ती पाहून त्यांना वाटलं, इथे एक चौक बांधून द्यावा. १९५४मध्ये डेट्रॉइटजवळ त्यांचं नॉर्थलँड सेंटर उघडलं. ८ ऑक्टोबर १९५६ला मिनेसोटा राज्यातल्या इडाइना गावी साउथडेल सुरू झालं. ७२ दुकानं, सुमारे ५,२०० मोटारींची जागा, आणि सगळं एका छताखाली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली तरी आत कायम वसंत ऋतूसारखी हवा. पूर्णपणे बंदिस्त, वातानुकूलित असा जगातला पहिला उपनगरी मॉल तो हाच.

ग्रुएन यांच्या आराखड्यात मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाना, बगीचा, तळं असं सगळं होतं. बांधलं गेलं ते मुख्यतः मॉल आणि मोटारतळ. कारण मॉल होताच भोवतालच्या जमिनीचे भाव चढले आणि ती तुकड्यातुकड्याने विकणं मालकांना जास्त सोयीचं वाटलं. पुढे ग्रुएन स्वतःच वैतागले, १९६८मध्ये व्हिएन्नाला परतले, आणि १९७८मधल्या एका भाषणात त्यांनी सांगून टाकलं की माझ्या कल्पनेच्या या अनौरस पोरांची पोटगी मी भरणार नाही. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. त्याला चौक बांधायचा होता. पण जमिनीच्या भावावर लगाम ठेवणारं कोणी नव्हतं, आणि हे त्याला फार उशिरा कळलं.

यात्रेचं गणित

मॉल पैसे कसे कमावतो? महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा आठवा. माणसं येतात ती देवदर्शनाला. वैनगंगेत आंघोळ होते, दर्शन होतं, आणि मग वाटेवर रेवडी, बांगड्या, खेळणी, भजी असं सगळं खपतं. बांगड्यावाल्याने कोणाला बोलावलेलं नसतं. गर्दी देवाने जमवलेली असते. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या जागेला म्हणूनच जास्त पैसे पडतात.

मॉलमध्ये देवळाच्या जागी एक मोठं दुकान असतं. त्याला धंद्याच्या भाषेत अँकर म्हणतात: ज्याच्या नावावर माणसं येतात ते दुकान. मोठं कापड दुकान, सुपरमार्केट, नाहीतर सिनेमागृह. मॉलचा मालक या अँकरकडून फार कमी भाडं घेतो, कधी नाममात्रच. कारण त्याने जमवलेली गर्दी लहान दुकानांच्या समोरून जाते आणि खरं भाडं लहान दुकानांकडून निघतं. पुष्कळ ठिकाणी या लहान दुकानांना ठरलेलं भाडं आणि वर विक्रीतला हिस्सा असं दोन्ही द्यावं लागतं. साउथडेलमध्ये तर दोन अँकर होते, दोघे एकमेकांचे स्पर्धक. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना माणूस मधल्या सगळ्या दुकानांसमोरून जाणार, अशी ती रचना.

यातून दोन गोष्टी पक्क्या होतात. अँकर गेला की लहान दुकानांचं गिऱ्हाईक जातं. आणि कोणतं दुकान कुठे असावं, कोणाला स्वस्त द्यावं, कोणाला महाग, हे ठरवणारा मालक एकच असावा लागतो.

लोकांना हवे होते म्हणून मॉल वाढले ना?

काही अंशी. पण सरकारी निर्णयांचा वाटा त्यात फार मोठा होता. २९ जून १९५६ला अमेरिकेत महामार्गाचा कायदा झाला आणि सुमारे ६६,००० किलोमीटरचं जाळं बांधायला घेतलं गेलं. साउथडेल उघडण्याच्या तीनच महिने आधी. त्याआधी १९५४च्या करकायद्यात नव्या इमारतीची झीज हिशेबात भराभर दाखवण्याची सवलत मिळाली होती. म्हणजे इमारत बांधली की सुरुवातीच्या वर्षांत कागदावर तोटा दिसे आणि दुसऱ्या उत्पन्नावरचा कर वाचे. त्यामुळे गिऱ्हाईक किती याचा फार विचार न करताही गुंतवणूकदार मॉल बांधू लागले. जुन्या शहरांच्या मधल्या बाजारपेठा ओस पडल्या. पुढे मॉलच इतके झाले की ते एकमेकांचं गिऱ्हाईक खाऊ लागले, त्यात ऑनलाइन खरेदी आली. ग्रुएन यांचं नॉर्थलँड २०१५मध्ये बंद पडलं. साउथडेल मात्र अजून चालू आहे. आणि आता त्याच्या आवारात राहण्याची घरं आणि मोठी व्यायामशाळा आहे. ग्रुएन यांच्या आराखड्यातली घरं साठ वर्षांनी का होईना आली.

आपल्याकडे

भारतात नव्या धर्तीचे मॉल १९९९मध्ये दिसले: दिल्लीत अन्सल प्लाझा, मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स. क्रॉसरोड्सला सुरुवातीला एवढी झुंबड उडाली की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असेल त्यालाच आत सोडायचं, नाहीतर प्रवेश फी घ्यायची, असा नियम काही काळ होता. मॉल ही खासगी जागा आहे, दारावर कोणाला अडवायचं ते मालक ठरवतो, हे तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं. मग मालाड, मुलुंड, कांदिवली अशा उपनगरांत मॉल उभे राहिले.

नागपूरची गोष्ट तर आपल्या कापसाशीच जोडलेली आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, कारण कापूस इथे होता. सव्वाशे वर्षं चाललेली ती मिल बंद झाली आणि तिच्या जागेवर आज एम्प्रेस मॉल आहे. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की गारव्यासाठी मॉलमध्ये फिरणारी कुटुंबं तिथेही दिसतात. मिनेसोटात थंडीने जे केलं ते आपल्याकडे ऊन करतं.

तालुक्याच्या गावी होतं ते मात्र बहुतेक वेळा मॉल नसतंच. ते असतं गाळ्यांचं कॉम्प्लेक्स, आणि त्याचं गणित वेगळं आहे.

गाळा घेऊ का?

मॉलचा मालक सहसा दुकानं विकत नाही. भाड्याने देतो आणि वर्षानुवर्षं सांभाळतो. कॉम्प्लेक्सवाला बिल्डर गाळे विकतो आणि पुढच्या गावी जातो. हा फरक गुरुजींनी सगळ्यात आधी लक्षात घ्यावा.

समजा चाळीस गाळे चाळीस जणांना विकले. प्रत्येक जण चांगलं भाडं मागणार. मोठं दुकान यायला तयार असेल तर त्याला सलग मोठी जागा हवी, तीही स्वस्तात. पण कोणता गाळेवाला आपला गाळा शेजाऱ्याच्या फायद्यासाठी स्वस्त देईल? मग अँकर येत नाही, गर्दी जमत नाही, वरच्या मजल्यावरचे गाळे बंद राहतात, संडासाला कुलूप लागतं, लिफ्ट सुरूच होत नाही. दिल्लीच्या आसपास २०००नंतर दुकानं सुटी सुटी विकून उभे केलेले अनेक मॉल नेमके यामुळेच रखडले. त्यांच्याभोवती लाखोंची वस्ती होती, तरी! आपल्या तालुक्याच्या गावी तर गिऱ्हाईकही मोजकं.

बिल्डर म्हणेल, बँक येणार आहे, मोठं सुपरमार्केट येणार आहे. त्याला एकच विचारा: करार झाला का, आणि नोंदणीकृत आहे का? बोलणी सुरू आहेत, एवढ्यावर पैसे देऊ नका.

रेरा, म्हणजे बांधकाम व्यवसायावर लक्ष ठेवणारा २०१६चा कायदा, फक्त फ्लॅटसाठी आहे असा समज आहे. तो गाळ्यांनाही लागतो. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर आठहून जास्त गाळे असतील तर महारेराकडे नोंदणी केल्याशिवाय बिल्डरला जाहिरातसुद्धा करता येत नाही. फलकावर नोंदणी क्रमांक नसेल तर तिथेच थांबा. नोंदणीकृत करार करण्याआधी तो किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. आणि भाव चटई क्षेत्रावर ठरवा, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापराची जागा.

स्वतः धंदा करणाऱ्याला, रस्त्यालगतचा तळमजल्याचा गाळा फायद्याचा ठरू शकतो: ट्रॅक्टरचे सुटे भाग, टायर, हार्डवेअर, ढाबा. या धंद्यांना गाडी समोर लागणंच महत्त्वाचं. पण नुसत्या भाड्याच्या आशेने पहिल्या मजल्यावरचा गाळा घेणं मला धोक्याचं वाटतं, आणि ओळखीत कोणी विचारलं तर मी नको म्हणूनच सांगते.

रस्त्याला लागून शेत आहे त्याचं काय?

गर्दी जमली की भाव वाढतो तो जमिनीचा. साउथडेलभोवती जे झालं तेच टी-पॉइंटवर होतं. पण ती वाढ खिशात कोणाच्या जाते? ज्याच्या नावावर त्या दिवशी सातबारा आहे त्याच्या. एकराच्या भावाने विकलेलं शेत लेआउट झालं की चौरस फुटाच्या भावाने जातं, आणि मधला फरक शेतकऱ्याकडे येत नाही.

विकणं हाच एक रस्ता नाही. पेट्रोल पंप, गोदाम, मोठं दुकान अशा वापरासाठी जमीन लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येते. सातबारा नावावर राहतो, ठरलेल्या काळाने भाडं वाढत जातं. असा करार एका वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर त्याची नोंदणी सक्तीची आहे. साध्या कागदावरचा करार उपयोगाचा नाही. जमीन भोगवटादार वर्ग २ची, म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेली, असेल किंवा आदिवासी खातेदाराची असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. यवतमाळ-गडचिरोलीकडे हे विशेष जपायला हवं. मुलीच्या लग्नाची घाई असताना, सावकार दारात असताना थांबा म्हणणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सगळं विकण्याऐवजी रस्त्यालगतचा एक तुकडा तरी राखता येतो का ते बघावं.

स्वस्त मिळत असेल तर वाईट काय?

काहीच वाईट नाही. आईबापांना महिन्याचं तेल-साखर चार पैसे कमी देऊन मिळत असेल तर त्यांनी का घेऊ नये? पण ते स्वस्त का मिळतं तेवढं समजून घ्यावं. २००२मध्ये पवईला पहिलं दुकान उघडणाऱ्या डीमार्टचं उदाहरण घ्या. ही कंपनी शक्यतो जागा भाड्याने घेत नाही, विकत घेते. म्हणून भाड्याचा बोजा नाही. माल पुरवणाऱ्याचे पैसे लवकर देते, म्हणून खरेदीत जास्त सूट मिळते. माल कपाटात पडून राहत नाही. हे आपल्या गावच्या एकट्या दुकानदाराला जमणारं नाही. चार-पाच जणांनी मिळून ठोक खरेदी केली तर त्यातलं थोडं जमू शकतं.

मग किराणा दुकानं बंद पडतील?

सगळी नाही. आपल्या भागात किराणा दुकानदार मालाबरोबर उधारी देतो. कापसाचा चुकारा होईपर्यंत, सोयाबीन विकेपर्यंत, खातं चालू राहतं. सुपरमार्केटच्या काउंटरवर वही नसते. ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो तो तिकडे जाईल. ज्याचं उत्पन्न हंगामाला येतं तो वहीवाल्याकडेच राहील. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं गणगोत घेऊन बसायचं असतं, तेव्हाही ओळखीचं दुकान लागतं. मला काळजी वाटते ती रेडिमेड कपडे, चपला-बूट, भेटवस्तू विकणाऱ्या मधल्या दुकानांची. त्यांच्याकडे ना उधारीची वही, ना किमतीची ताकद.

करांचाही एक तिढा आहे. बायपास बरेचदा नगर परिषदेच्या हद्दीबाहेर असतो. मग नव्या कॉम्प्लेक्सचा मालमत्ता कर शेजारच्या ग्रामपंचायतीला जातो आणि मेन लाइनच्या नाल्या, दिवे, रस्ते मात्र आटत्या उत्पन्नातून नगर परिषदेने करायचे. अमेरिकेच्या जुन्या शहरांची खंगण्याची सुरुवात अशीच झाली होती. म्हणून गावाचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा व्यापारी संघाने हरकतींची मुदत चुकवू नये. एसटी स्टँड कुठे राहणार, हा प्रश्न तर सगळ्यात आधी विचारावा. काळी-पिवळीने येणारी बाई जिथे उतरते तिथेच खरेदी करते. स्टँड बायपासला गेला तर मेन लाइनचं अर्धं गिऱ्हाईक त्याच्यासोबत जाईल.

आठवडी बाजार हलवणार म्हणतात

कॉम्प्लेक्स आलं की पाठोपाठ ही मागणी येते: बाजाराची जागा मोक्याची आहे, बाजार गावाबाहेर न्या. खेड्यातून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या बाईला गावाबाहेरची जागा म्हणजे दोन वेळचं ऑटोभाडं, आणि ते तिच्या दिवसाच्या कमाईतून जाणार. गाळा तिला परवडणार नाही, मॉलच्या दारात तिला कोणी बसू देणार नाही. बाजार ही तिची एकच जागा आहे.

तिच्या बाजूने कायदा आहे. २०१४चा पथविक्रेता कायदा नगर पंचायत, नगर परिषद आणि महानगरपालिकेच्या हद्दीत लागू होतो. विक्रेते आणि गिऱ्हाईक परंपरेने जिथे जमतात त्या जागेला त्यात नैसर्गिक बाजार म्हटलं आहे. असा बाजार ५० वर्षांहून जुना असेल तर तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, अशी तरतूद त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्याकडचे बहुतेक आठवडी बाजार याहून कितीतरी जुने आहेत. या कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून यावे लागतात. तुमच्या गावी समिती झाली आहे का, निवडणूक झाली का, हे मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारता येतं.

बाजार जुना असल्याचा पुरावा कुठून आणायचा, असं विचारतील. दरवर्षीच्या बाजार वसुलीच्या लिलावाचे कागद नगर परिषदेच्या दप्तरात असतात. जुन्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावांच्या यादीत बाजाराचा वार नोंदवलेला सापडतो. १९७१ किंवा त्याआधीची पुस्तिका शोधा, तुमच्या गावाच्या ओळीची प्रत काढा आणि वारसा बाजार जाहीर करा म्हणून केलेल्या अर्जाला जोडा.